दुकानात "टेपवाला मीडियम", घरात "अस्तर": मोठ्यांच्या डायपरसाठी शब्द कसे निवडावेत

पक्षाघातानंतर दादा, म्हणजे माझे वडील, घरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी औषधांच्या दुकानात उभी होते. मागे चार माणसं होती. काउंटरवर वाकून मी हळूच म्हणाले, "मोठ्यांचं ते पॅड द्या." पाकीट मिळालं. घरी येऊन उघडलं तर आत अंथरुणावर घालायच्या घडीच्या चौकोनी शीट. दुसऱ्या दिवशी मी धीर करून "डायपर" म्हणाले, तर चड्डीसारखा पायातून वर ओढायचा मिळाला. दादांना तर उभंच राहता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी टेपचा मिळाला, पण मी "मोठा द्या" म्हटलं होतं. माझ्या डोक्यात मोठा म्हणजे मोठ्या माणसाचा. दुकानदाराला वाटलं, एक्स्ट्रा लार्ज. तो मांडीच्या दोन्ही बाजूंनी उघडा राहिला आणि रात्रीतून तीनदा चादर बदलावी लागली.

तीन दिवसांत तीन पाकिटं आली आणि एकही कामाचं निघालं नाही. यात दुकानदाराची काही चूक नव्हती. मला नेमकं काय हवं आहे ते सांगणारा शब्दच माझ्याजवळ नव्हता.

घरात नेमकी उलटी अडचण. तिथे "डायपर" हा शब्द एकदा नीट ऐकू गेला आणि दादांनी भिंतीकडे तोंड केलं. "मी काय तान्हं पोर आहे का?" एवढंच म्हणाले. त्यानंतर दोन दिवस ओलं झालं तरी त्यांनी हाक मारली नाही.

म्हणून हे लिहिते आहे. पुढे अडीच वर्षं दादांचं केलं, आता सासूबाईंचं थोडं वेगळं, हलकं दुखणं आहे. माझं ठाम मत असं, की या कामाला शब्दांचे दोन संच लागतात. एक घरातला, तो ज्याच्या अंगावर ती वस्तू जाणार त्याने ठरवायचा. दुसरा दुकानातला, तो मात्र आपण पाठ करून जायचं. दुकानातला शब्द घरात आणला की माणूस दुखावतो आणि घरातला दुकानात नेला की चुकीचं पाकीट हातात पडतं.

घरातला शब्द सापडतो कसा

नाव घेऊन सुरुवात करू नका. आधी वस्तू हातात द्या.

दादांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं होतं. चौथ्या दिवशी मी पलंगाजवळ बसून नवीन पाकीट फोडत होते. त्यांनी डावा हात पुढे केला (उजवा चालत नव्हता) आणि एक डायपर ओढून घेतला. अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला, जसं गिऱ्हाइकाने आणलेलं कापड ते चोळून बघायचे अगदी तसंच. मग उलटा करून बाहेरची बाजू पाहिली, पुन्हा आत बोट फिरवलं. म्हणाले, "बाहेरचं कापड साधंच आहे. अस्तर चांगलं घातलंय."

मी लगेच विचारलं, "मग हे अस्तर रात्री घालून बघायचं का, दादा?"

त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून आमच्या घरात ते अस्तरच. कपाटाच्या खणावर चिठ्ठी लावली तीही "अस्तर" अशीच. दादांचं करायला घरी कामाला येणाऱ्या मावशींना, भावाला, वहिनीला, सगळ्यांना तोच शब्द सांगून ठेवला. महत्त्वाची गोष्ट अशी की तो शब्द मी शोधला नव्हता. मी आधी "संरक्षक", "रात्रीचे कपडे" असलं काहीबाही मनात जुळवून ठेवलं होतं. ते सगळं बनावट वाटलं असतं. माणूस आयुष्यभर जे बोलत आला, त्यातूनच त्याचा शब्द येतो. त्याला वेळ द्या आणि कान उघडे ठेवा.

सासूबाईंची तऱ्हा निराळी. त्यांना खोकताना, शिंकताना थोडी लघवी होते, म्हणून त्या चड्डीत चिकटवायचं पातळ पॅड वापरतात. त्यांच्या बोलण्यात त्या वस्तूला नावच नाही. बाहेर निघताना मी विचारते, "घेतलंय ना?" त्या म्हणतात, "घेतलंय." संपलं. नाम गाळून नुसत्या क्रियापदावर भागवायची मराठीत छान सोय आहे, ती वापरायला संकोच नको.

काहींना "डायपर" या शब्दाचं काहीच वाटत नाही. माझा मामा खणखणीत आवाजात "माझा डायपर आण गं" म्हणतो. त्याला "अस्तर" म्हटलं तर तो विचारेल, ते काय असतं? तेव्हा डायपर हा शब्दच वाईट, असा नियम करून घरभर लादू नका.

शब्द जमला की नाही हे ओळखायची माझी कसोटी एकच आहे. रात्री दोन वाजता, अंधारात, समोर कोणीही असो, त्या माणसाला तो शब्द मोठ्याने उच्चारून मदत मागता येते का? येत असेल तर शब्द बरोबर. शब्द तोंडातून निघत नाही म्हणून तो ओल्यातच पडून राहत असेल, तर शब्द बदला. ओल्यात पडून राहिलं की जांघेत आणि बैठकीवर कातडी लाल होते, सोलवटते आणि सतत झोपून असणाऱ्याला शय्याव्रणाचा, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेचा, धोका वाढतो. आम्ही पहिल्या आठवड्यात दादांच्या माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल चट्टा पाहिला. तो ते दोन दिवस न मारलेल्या हाकेचा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाशी मात्र नवा शब्द जुळवायच्या फंदात पडू नका, तो टिकत नाही. त्यांच्या डोक्यात सर्वांत जुना शब्द पक्का असतो: चड्डी. "चड्डी बदलूया" एवढं सरळ वाक्य बहुधा पुरतं आणि ते खोटंही नसतं.

लहान बाळांचे शब्द मात्र कुणासाठीच नकोत. शू, शी, लंगोट, दुपटं, बाळोतं, हे सगळे प्रेमळ शब्द आहेत, पण ते पाळण्यापाशी शोभतात. "हगीज" तर एका कंपनीच्या बाळांच्या डायपरचं नाव. बोलता बोलता ते सगळ्याच डायपरना चिकटलंय. आजोबांसाठी "हगीज आणलेत" म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण ऐकणाऱ्याला आपण पाळण्यात परत गेल्यासारखं वाटतं. "लघवी" आणि "संडास" हे मोठ्या माणसांचे, स्वच्छ, नीट शब्द आहेत. तेच वापरा.

नावापेक्षा क्रियापद जास्त लागतं

हे मला उशिरा कळलं. अस्तर हा शब्द मिळाला तरी दादा अधूनमधून गप्प व्हायचे. कशाने ते कळत नव्हतं. एकदा मावशी दाराशी मला म्हणाल्या, "ताई, आजोबांना बदलून घेऊ का?" आणि मी दादांचा चेहरा पाहिला.

"आजोबांना बदलायचं." या वाक्यात वस्तू गायब झाली आणि माणूसच वस्तू झाला. मी मावशींना बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, अस्तर बदलायचंय, असं म्हणा. दादांना बदलायचं नाहीये." त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पटकन समजल्या. त्यांनी तो बदल दुसऱ्या घरच्या कामावरही नेला, असं पुढे त्यांनीच सांगितलं.

तेव्हापासून मी आमची सगळी वाक्यं ऐकायला लागले.

"लावला" आणि "घातला" यांत फरक आहे. कुलूप लावतात, पट्टी लावतात, लेबल लावतात. कपडे घालतात. "त्यांना डायपर लावलाय" म्हणण्यापेक्षा "अस्तर घातलंय", किंवा स्वतः हात लावत असतील तर "दादांनी अस्तर घातलंय" हे वाक्य माणसाला माणूस ठेवतं. "बांधला" तर नकोच, बांधतात गाठोडं.

दुसरी जोडी "केलं" आणि "झालं" यांची. "अंथरूण ओलं केलंत" आणि "अंथरूण ओलं झालंय". एका शब्दाचा फरक, पण पहिल्यात आरोप आहे. ज्या गोष्टीवर माणसाचा ताबाच राहिला नाही, ती त्याने "केली" कशी? कपडे खराब झाले, चादर ओली झाली, लघवी झाली. "घाण केली" हे तर थकव्यातही तोंडातून जाऊ द्यायचं नाही. माझ्या तोंडून ते एकदा गेलं आहे, मावशींच्या सुट्टीच्या दिवशी, पहाटे. दादा काही बोलले नाहीत. मी तासाभराने त्यांच्याजवळ जाऊन माफी मागितली. थकून चुकीचा शब्द निघाला तर तेवढं तरी करावं, तो शब्द तसाच सोडून देऊ नये.

मराठीत आणखी एक सुंदर रूप आहे: धरवत नाही. "लघवी धरत नाहीत" म्हटलं तर ते मुद्दाम धरत नाहीत असा वास येतो. "लघवी धरवत नाही" म्हटलं की माणसाची इच्छा आहे, शरीर साथ देत नाही, एवढं सगळं त्या एका "व"मध्ये येतं. चालवत नाही, बसवत नाही, तसंच हे.

आणि "परत?" हा शब्द. "परत झाली?", "आत्ताच तर बदललं होतं!" यांत डायपरचं नाव कुठेच नाही, तरी माझ्या मते हे सर्वांत जास्त लागतं. हे ऐकलं की माणूस पाणी कमी प्यायला लागतो. दादा दुपारचा पेला अर्धाच ठेवू लागले तेव्हा मला कारण शोधावं लागलं आणि ते माझ्याच "परत?"मध्ये सापडलं. पाणी कमी झालं की लघवी गडद होते, मूत्राशयाची आग आणि घाई उलट वाढू शकते, बद्धकोष्ठ होतं आणि त्यानेही गळती वाढते. म्हणजे आपल्याच एका शब्दाने आपलं काम वाढतं. आता मी फक्त विचारते, "बघूया का?" उत्तर हो किंवा नाही, एवढंच लागतं.

दुकानात मात्र नेमकं बोला

इथे आडून बोलायचं नाही. आवाज नेहमीचाच ठेवा, जसा खोकल्याचं औषध मागताना असतो. कुजबुज केली की समोरचाही कुजबुजतो आणि मग दोघांचं मिळून चुकतं. "ते पॅड" म्हणून गोंधळ होतो, कारण पॅड या एका शब्दात किमान चार वेगळ्या वस्तू येतात.

अंथरुणावर घालायचं असेल तर "अंडरपॅड" म्हणा. ते अंगावर घालायचं नसतं, चादर आणि गादी वाचवायला असतं. जुन्या पिढीचं मेणकापड किंवा रबरी शीट हे त्याचंच धुऊन वापरायचं भावंड.

स्वतःच्याच चड्डीत चिकटवायचं असेल तर "लघवीचं पॅड" किंवा "ब्लॅडर पॅड" म्हणा. यातला "लघवीचं" हा शब्द गाळू नका, नाहीतर पाळीचं पॅड मिळेल. दोन्ही दिसायला सारखी असली तरी काम वेगळं आहे. पाळीचा स्राव दाट आणि हळू येतो, लघवी पातळ आणि एकदम येते. ती झटकन शोषून धरण्यासाठी लघवीच्या पॅडमध्ये सोडियम पॉलिॲक्रिलेटची पूड भरपूर घातलेली असते, ओलं झालं की तिची जेली होते. सासूबाईंनी सुरुवातीला पाळीची पॅडं वापरली आणि त्या कायम ओल्या राहत होत्या. पुरुषांसाठी पुढच्या बाजूला खोलगट आकाराचं वेगळं पॅड मिळतं, पाकिटावर बहुधा "मेल गार्ड" असं लिहिलेलं असतं.

चौथा प्रकार "बूस्टर" किंवा "इन्सर्ट" पॅडचा. ते डायपरच्या आत जादा घालतात. यात एक खुबी लक्षात ठेवा: खऱ्या बूस्टरच्या तळाला प्लास्टिकचा थर नसतो, म्हणजे ते भरलं की लघवी खालच्या डायपरमध्ये उतरते. तळाला प्लास्टिक असलेलं पॅड डायपरमध्ये घातलं तर लघवी बाजूने वाहून कपड्यावर येते. दुकानात सरळ विचारा, "याच्या खाली प्लास्टिक आहे का?"

आता अंगावर पूर्ण घालायचे. झोपून असलेल्या, उभं न राहता येणाऱ्या माणसासाठी "टेपवाला". दोन्ही बाजूंना चिकटपट्ट्या असतात, कुशीवर वळवून तो आडव्यानेच घालता येतो. हिंडत्या-फिरत्या माणसासाठी "पँटवाला" किंवा "पुल-अप". तो चड्डीसारखा वर ओढायचा आणि काढताना दोन्ही बाजूंची शिवण फाडायची. ही फाडायची गोष्ट अनेकांना माहीत नसते, भरलेला पँटवाला ते पायांवरून खाली ओढतात आणि सगळे पाय खराब होतात.

दुकानातलं माझं वाक्य आता ठरलेलं आहे: "टेपवाला, मीडियम, रात्रीचा, कमरेचं माप अमुक." प्रकार, माप आणि वेळ एवढ्या गोष्टी एका दमात सांगितल्या की पाकीट चुकत नाही. रिकामं पाकीट फेकायच्या आधी समोरच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दुसऱ्या कोणाला पाठवायचं झालं तर शब्दाची गरजच उरत नाही.

मापाचे शब्द

"मोठा द्या" हे दोन शब्द मी आता कुणालाच बोलू देत नाही. ही चूक दादांनीच सुधारली. एक्स्ट्रा लार्जच्या त्या रात्रीनंतर मी त्यांची कंबर मोजत होते. ते म्हणाले, "नुसती कंबर घेऊन पँट बसते का? सीट मोज."

शिंप्यांच्या भाषेत सीट म्हणजे नितंबांचा सर्वांत रुंद भाग. मी टेप खाली घेतला. कंबर चौतीस इंच आली, सीट सदतीस. "आता जे जास्त ते धर आणि पाकिटावर बघ." पाकिटावर इंच आणि सेंटिमीटर दोन्हींत आकडे होते. सदतीस इंच म्हणजे सुमारे चौऱ्याण्णव सेंटिमीटर, ते त्या पाकिटावर मीडियममध्ये बसत होतं. आम्ही एक्स्ट्रा लार्ज आणून बसलो होतो. पाकिटावरचं माप हे अंगाचं घेरमाप असतं, वयाशी किंवा वजनाच्या अंदाजाशी त्याची गाठ घालू नका. एका कंपनीचा मीडियम दुसरीच्या लार्जएवढा असू शकतो, म्हणून अक्षराबरोबर आकडाही सांगा.

आणि मोठा डायपर जास्त शोषतो हा समज काढून टाका. सैल डायपर मांडीपाशी उघडा राहतो आणि सगळं तिथून बाहेर येतं. दादांनी आणखी एक शिकवलं. घालायच्या आधी अस्तराची लांबीत घडी घालून ते होडीसारखं करायचं आणि आतल्या दोन्ही बाजूंच्या उभ्या झालरी बोटाने वर काढायच्या. झालर हा त्यांचाच शब्द. पाकिटावर त्याला "लीक गार्ड" म्हणतात. झालर आत दुमडलेली राहिली तर कितीही भारी अस्तर असो, गळणारच. टेप लावताना खालच्या पट्ट्या आधी, जरा वरच्या दिशेने तिरप्या, मग वरच्या पट्ट्या जरा खाली तिरप्या. मांडीपाशी दोन बोटं जातील एवढी सैल.

पाकिटावरचे बाकीचे शब्द झटपट सांगते. "ओव्हरनाइट" म्हणजे जास्त शोषणारा, रात्रीचा. "युनिसेक्स" म्हणजे बाई-पुरुष दोघांना चालणारा. "वेटनेस इंडिकेटर" म्हणजे बाहेरची रेघ, ती ओलं झालं की रंग बदलते, बहुतेकदा पिवळ्याची निळी होते. या रेघेमुळे सारखं उघडून बघावं लागत नाही, म्हणून ती असलेलाच घ्या. पाकिटावर थेंबांची चित्रं असतात, पण प्रत्येक कंपनीचे थेंब वेगळे, दोन कंपन्यांचे थेंब एकमेकांशी ताडून पाहू नका. मिलिलिटरचा आकडा मोठा दिसला तरी तो प्रयोगशाळेत अख्खा डायपर बुडवून काढलेला असू शकतो. आयएसओ ११९४८-१ नावाच्या १९९६च्या मानकात तशीच चाचणी आहे. अंगावर, वजनाखाली दाबलेला डायपर तेवढं धरत नाही.

"डायपर" या शब्दाबद्दल दादांना सांगितलेली गोष्ट

हे वाचताना सापडलं आणि मी धावत जाऊन त्यांना सांगितलं. इंग्रजीत डायपर हा शब्द मुळात बाळांचा नव्हताच. ते एका कापडाचं नाव होतं. मागे जाऊन पाहिलं तर मध्ययुगीन ग्रीक "डायास्प्रोस" असा शब्द मिळतो, त्यात "आस्प्रोस" म्हणजे पांढरा. आधी ते भारी किमती कापड होतं. पुढे पत्त्यांतल्या चौकटसारख्या बारीक नक्षीच्या विणीच्या लिननला डायपर म्हणू लागले. त्याचे टॉवेल व्हायचे, टेबलावरचे रुमाल व्हायचे आणि बाळांना गुंडाळायचे तुकडेही. त्या तुकड्यांना कापडाचं नाव चिकटलं ते चिकटलंच.

दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वीण कशी होती?" मी वहीच्या मागच्या पानावर चौकटी काढून दाखवल्या. त्यांनी बराच वेळ ते पान हातात ठेवलं.

इंग्रजांकडे बाळांच्या डायपरला "नॅपी" म्हणतात आणि मोठ्यांच्या वस्तूला "पॅड". अमेरिकेत घरोघरी डायपर म्हणत असले तरी मोठ्यांच्या टेपवाल्याला काळजी घेणारे "ब्रीफ" म्हणतात. जपानमध्ये पँटवाल्याला "रिहाबिरी पान्त्सु", म्हणजे पुन्हा उभं राहण्याच्या व्यायामाच्या काळातली पँट, असं नाव चालतं. मला हे नाव फार आवडलं, कारण त्यात माणूस चालतो आहे.

डॉक्टरांसमोर

माहितीपत्रकांत "मूत्र असंयम" असा शब्द दिसेल. तो घरात आणू नका. संयम नसणं हा स्वभावाचा दोष मानतो आपण. इंग्रजी "इन्कॉन्टिनन्स"लाही हीच खोड आहे, तोही शब्द पूर्वी वासनांवर ताबा नसण्यासाठी वापरत. ज्याच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद पडली, त्याला आपण असंयमी म्हणायचं?

डॉक्टरांना शास्त्रीय शब्द नकोच असतो. त्यांना कधी, कशी, किती हे हवं असतं आणि त्यासाठी आपले रोजचे शब्द उत्तम आहेत. "खोकलं, शिंकलं, वजन उचललं की होते" हे एक दुखणं. "एकदम लागते आणि संडासापर्यंत पोचेस्तोवर दम धरवत नाही" हे दुसरं. "लघवी तुंबते आणि थेंब थेंब गळत राहते" हे तिसरं. "कळतं वेळेवर, पण उठवत नाही, गुंडी निघत नाही" हे चौथं. तिथे मूत्राशयापेक्षा हात-पायांचा प्रश्न असतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा. सासूबाईंना मूत्राशयाखालच्या स्नायूंचे व्यायाम सांगितले, ते केगेल या डॉक्टरांनी १९४८ साली मांडलेले आहेत आणि त्यांना त्यांचा गुण येतो आहे. त्या तोवर वर्षभर कुणाला बोलल्याच नव्हत्या, कारण "डॉक्टरांना काय म्हणून सांगायचं" हेच ठरत नव्हतं.

जाण्याआधी तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता, ओलं किती, त्याआधी काय चाललं होतं, पाणी किती प्यायलं. डायपर आणला म्हणून डॉक्टरांकडे जाणं थांबवू नका. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, प्रोस्टेट, वाढलेली साखर, एखादी गोळी, अशी कितीतरी कारणं बरी होण्यासारखी असतात. आणि जळजळ व ताप, लघवीतून रक्त, लघवी पूर्ण अडणं, किंवा पायांत अचानक अशक्तपणा व बैठकीला बधिरपणा येऊन ताबा जाणं, यांतलं काही दिसलं तर वही लिहीत बसू नका, लगेच निघा.

बाकीची माणसं

दादांना भेटायला कोणी आलं असताना बदलायची वेळ झाली, तर आमचं वाक्य होतं, "दादांची औषधाची वेळ झाली, जरा बाहेर बसूया." पाहुण्यांदेखत अस्तर हाही शब्द नको. पाकिटं पलंगाखाली दिसतील अशी ठेवायची नाहीत, कपाटात ठेवायची. फोनवर भावाला "त्यांचं सगळं अंथरुणातच आहे" असं सांगत असताना दार उघडं होतं, हे मला उशिरा लक्षात आलं. ऐकू कमी येतं म्हणून माणसं गृहीत धरतात. स्वतःबद्दलचं बोलणं बरोबर ऐकू येतं.

घरातल्या मुलांपासून लपवू नका. माझ्या मुलीने विचारलं तेव्हा सांगितलं, "आजोबांना लघवी धरवत नाही, म्हणून ते अस्तर घालतात." तिने विचारलं, "चष्म्यासारखं?" मी हो म्हटलं.

मावशींसाठी पलंगामागे एक कागद लावला होता. वेळ, ओलं की कोरडं, कातडी कशी, एवढेच रकाने. नाव त्यावर कुठेच नव्हतं, कारण कागद कुणीही वाचतं.

आणि अवस्था बदलली की शब्दही पुन्हा विचारून घ्या. आठव्या महिन्यात दादा आधाराने उभे राहू लागले, तेव्हा दिवसासाठी मी मुद्दाम पँटवाला आणला. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी तो डाव्या हाताने उलटसुलट केला, बाजूची शिवण ओढून पाहिली आणि म्हणाले, "ही पँट आहे." तेव्हापासून दिवसा पँट, रात्री अस्तर. खणावरच्या चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी त्यांनी मला लिहायला लावली.